आगाऊ सूचना

संगणकाच्या दुनियेत फ्रीबीएसडी नावाची एक कार्यप्रणाली आहे, आणि तिच्या मूळ संहितेच्या अवाढव्य दप्तरात, अगदी वरच्या कप्प्यात, ‘अपडेटिंग’ या नावाचा एक साधा मजकूर ठेवलेला असतो. प्रणाली घडविणाऱ्या मंडळींनी एखादा महत्त्वाचा फेरफार केला, की ती वापरणाऱ्यांना त्याची वेळीच वर्दी मिळावी म्हणून या मजकुरात त्याची तारीखवार नोंद करावयाची, असा तेथला रिवाज असून, वॉर्नर लॉश या गृहस्थांनी हे काम वर्षानुवर्षे ज्या निष्ठेने चालविले ती पाहून पेशवे दप्तरातील एखाद्या जुन्या कारकुनानेही लवून मुजरा केला असता. परंतु या मजकुरातील खरी लक्षणीय गोष्ट नोंदी सुरू होण्यापूर्वीच वाचकाला भेटते. ‘ही प्रणाली संथ आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी’, अशा अर्थाच्या ठळक मथळ्याखाली तेथे खुलासा केलेला आहे, की प्रणालीतील दोष झाकून न राहता तत्काळ आणि गाजावाजा करीत बाहेर यावेत यासाठी तपासणीची बरीच यंत्रणा तीत मुद्दाम चालू ठेवलेली असते, आणि तिच्यामुळे वेगाला चांगलीच खीळ बसते. आवृत्तीचा आकडा तेवढा बदलत हा खुलासा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे चालत आलेला आहे. सबब तक्रारही तशीच चालत आली असावी, असे अनुमान काढण्यास प्रत्यवाय नाही. फिर्याद दाखल होण्याआधीच ज्याने जबाब लिहून ठेवला, त्या लेखकाचा आपल्या वाचकांविषयीचा अनुभव दांडगाच असला पाहिजे.

हा वाचक कोण, हे समजल्याखेरीज पुढील मौज कळावयाची नाही. अशा प्रणालीची एक शाखा तावूनसुलाखून घेतलेली, सामान्य जनांच्या हाती बिनदिक्कत द्यावी अशी असते. आणि दुसरी, अद्याप घडणीत असलेली, जिच्यात सकाळी एकाने बसविलेली गोष्ट संध्याकाळी दुसरा कोणी उपटून काढतो. या दुसरीला फ्रीबीएसडीत ‘करंट’ म्हणतात. डेबियन नावाच्या दुसऱ्या एका विख्यात प्रणालीत ती ‘अनस्टेबल’, म्हणजे उघडउघड अस्थिर, या नावाने नांदते, आणि तिचे टोपणनाव ‘सिड’ असे आहे. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची नावे देण्याची प्रथा असून, सिड हा त्या चित्रपटातला शेजारचा, खेळणी मोडणारा द्वाड मुलगा. इतर आवृत्त्यांची नावे दर खेपेस बदलतात. याचे कधीच बदलत नाही. बारशाच्याच दिवशी ज्याचे गुण असे जाहीर केले, त्याच्याविषयी पुढे कोणी गाऱ्हाणे घेऊन आला तर यजमानांनी नुसते नावाकडे बोट दाखवावे, की काम भागले.

फ्रीबीएसडीचे अधिकृत हस्तपुस्तक याबाबतीत अधिक कायदेशीर वृत्तीचे आहे. ‘करंट’ कोणासाठी, तर संहितेच्या एखाद्या भागावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी, निष्ठेने परीक्षण करणाऱ्यांसाठी, आणि जे चालले आहे त्यावर नजर ठेवून प्रसंगी मतप्रदर्शन करू इच्छिणाऱ्यांसाठी, असे तीन वर्ग त्यात सांगितलेले आहेत. इतरांआधी नवी सोय आपल्या पदरात पडावी किंवा एखादा दोष चटकन दुरुस्त होऊन मिळावा या आशेने कोणी तिच्या वाटेस जाऊ नये, आणि गेल्यास तिला अधिकृत पाठबळ आहे असे तर मुळीच मानू नये, अशी स्वच्छ ताकीदही तेथे आहे. मतप्रदर्शकांची स्वतंत्र वर्गात केलेली ही सोय पाहून पुस्तकाच्या मसुद्याला पुण्याचा हात लागला असावा की काय, असा संशय क्षणभर येतो. मात्र त्यात एक चौथा वर्ग गाळलेला आहे, आणि माझ्या अंदाजाने प्रत्यक्षात खानेसुमारी त्याचीच मोठी भरावी: आपण अस्थिर शाखा वापरतो हे चारचौघांत सांगता यावे एवढ्याचसाठी ती वापरणाऱ्यांचा.

माझे एक स्नेही या चौथ्या वर्गातील मानकरी. हयातभर त्यांनी विमा कचेरीत हिशेबतपासनिसाचे काम केले, आणि निवृत्तीनंतर, विजेचे बिल भरणे व नातवाची छायाचित्रे न्याहाळणे यापलीकडे ज्याला काम पडत नाही अशा घरच्या संगणकावर, दर रविवारी संपूर्ण प्रणाली मूळ संहितेपासून नव्याने घडविण्याचे व्रत घेतले. या क्रियेच्या आज्ञेचे नावच ‘बिल्डवर्ल्ड’ असे असल्यामुळे, कोणी दूरध्वनी केला तर वहिनी पलीकडून शांतपणे सांगतात, “ते आत जग बांधतायत, संध्याकाळी करा.” मागे यंत्राच्या पंख्याची घरघर ऐकू येत असते.

आता ‘अपडेटिंग’मधील नोंदींचा क्रम उलटा असतो, सर्वांत ताजी नोंद सर्वांत वर. म्हणून मागल्या खेपेस आपण प्रणाली ज्या दिवशी अद्ययावत केली त्या तारखेपर्यंत खाली उतरावे, आणि तेथून एकेक नोंद वाचीत वर चढावे, ही वाचनाची शास्त्रशुद्ध रीत होय. तीत अडचण एवढीच, की मागली खेप नेमकी केव्हा झाली हे कोणाच्याही ध्यानात नसते. माझ्या स्नेह्यांनी दुसऱ्यांच्या खतावण्यांतील तारखांवर तांबड्या शाईच्या खुणा करण्यात उभा जन्म घालविला. परंतु घरच्या यंत्रापुढे बसले म्हणजे ते वरच्या दोन नोंदींवरून दृष्टी फिरवितात, ‘यात आपल्यापुरते काही दिसत नाही’ असा शेरा मारतात, आणि कामास लागतात. कचेरीत एखाद्या शाखाधिकाऱ्याने हिशेबवहीची एवढीच पाने दाखविली असती, तर यांनी त्याची बढती रोखली असती.

आपल्यापुरते काही नाही, हे ठरविणे किती कठीण आहे, याचा दाखला म्हणून २४ एप्रिल २०११ ची नोंद पाहण्यासारखी आहे. त्या दिवशी तबकड्या हाताळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या जागी नवी आली, आणि तिच्याबरोबर तबकड्यांची नावेही पालटली: पूर्वी ज्या ‘एडी’ म्हणवीत त्या ‘एडीए’ झाल्या. प्रकरण एका अक्षरावर मिटते तर ठीक होते. पण जुन्या व्यवस्थेत क्रमांक जोडणीच्या जागेवरून पडत असे, त्यामुळे यंत्रात तबकडी एकुलती एक असूनही ती ‘एडी ४’ म्हणून मिरवू शके, आणि नव्या व्यवस्थेत क्रमांक शून्यापासून ओळीने लागू लागले. कालची ‘एडी ४’ आज ‘एडीए ०’. नगरपालिकेने पेठेतील घरांचे क्रमांक एका रात्रीत बदलावेत आणि पोस्टमनाच्या पिशवीत यादी मात्र जुनीच असावी, त्यातला हा प्रकार. येथली यादी म्हणजे ‘एफएसटॅब’ नावाचे टिपण, ज्यात कोणती तबकडी कोठे जोडावयाची ते लिहिलेले असते. ही यादी दुरुस्त न करता यंत्र पुन्हा सुरू केले, तर प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो जागा होतो, जुन्या पत्त्यावर जातो, तेथे त्याला कोणी भेटत नाही, आणि मग काळ्या पडद्यावर ‘माउंटरूट’ हा शब्द उमटवून, मूळ ठिकाण कोठे आहे ते आता आपणच सांगावे, अशी तो मालकाला विनंती करतो. काय करावयाचे ते नोंदीत स्पष्ट लिहिलेले होते. कोणत्या नावाचे कोणते नाव झाले, त्याची यादीदेखील होती. फक्त ती नोंद ज्या तबकडीवर होती, तीच तबकडी आता सापडत नव्हती. (जुन्याच नावाने हाक मारणाऱ्यांसाठी टोपणनावांचीही तजवीज पुढे झाली, हे मंडळींच्या दयाळूपणाचे लक्षण म्हणून नमूद केले पाहिजे.)

फेरफार महत्त्वाचा कोणता, हे ठरवावे कोणी, हाही एक मामला आहे. ज्याने फेरफार केला त्याला तो एकतर क्षुल्लक वाटतो किंवा युगप्रवर्तक. मधला अभिप्राय त्याला सुचत नाही. शिवाय ज्या गोष्टीचे अंतरंग कोणालाच उमगत नाही ती निमूटपणे मंजूर होते, आणि जी सर्वांना समजते तिच्यावर सर्वच बोलतात. १९९९ साली फ्रीबीएसडीत, ‘स्लीप’ नावाच्या, यंत्राला ठरावीक सेकंद नुसते थांबवून ठेवणाऱ्या आज्ञेला अपूर्णांकही चालावेत, या सूचनेवर एवढा खल झाला, की पॉल-हेनिंग काम्प यांनी त्रासून एक दीर्घ पत्र लिहिले आणि पार्किन्सनच्या त्या सुप्रसिद्ध समितीची आठवण करून दिली, जी अणुभट्टीचा खर्च चुटकीसरशी मंजूर करते आणि सायकली ठेवण्याच्या छपरावर तासन्‌तास वाद घालते. ते पत्र त्या जगात अजरामर झाले. अपूर्णांकही पुढे चालू लागले.

महत्त्वाच्या फेरफाराच्या पत्राला मोठ्या लिपीत ‘हेड्स अप’, म्हणजे ‘सावधान’, असा मथळा देण्याचीही तेथे चाल आहे. पण मथळा फुकट मिळत असला, की सगळीच पत्रे सावध करू लागतात, आणि वाचणारा सावधपणे कोणतेच उघडीत नाही.

डेबियनने याहून कडक उपाय योजिला. तेथे सूचना दप्तरात पडून राहत नाही. ती दार अडवून उभी राहते. ‘एप्ट-लिस्टचेंजेस’ नावाचा एक द्वारपाल आहे. नवे सामान यंत्रात शिरण्यापूर्वी तो त्या सामानाबरोबर आलेला वार्तापत्राचा मजकूर काढतो, मालकापुढे धरतो, आणि तो पाहून झाल्याशिवाय पुढील काम चालू देत नाही. कल्पना उत्तम, परंतु ‘पाहून झाले’ हे द्वारपालाला कळणार कसे, तर ‘क्यू’ ही कळ दाबल्यावरून. हा मजकूर किती पानांचा होता, हे सांगू शकणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही, पण क्यूची कळ अंधारातही अचूक दाबणारे पुष्कळ भेटले आहेत. द्वारपालाला ही खोड ठाऊक असावी, कारण खबरदारी म्हणून तो त्याच मजकुराची एक प्रत ‘रूट’ या यंत्राच्या मुखत्याराच्या नावे टपालातही टाकतो. घरगुती यंत्रावर मालक, वापरणारा आणि मुखत्यार हे तिन्ही एकच गृहस्थ असल्यामुळे, आणि मुखत्याराची टपालपेटी उघडण्याचे त्या गृहस्थांना कधीच सुचत नसल्यामुळे, मनुष्याने स्वतःच स्वतःला पाठविलेली पत्रे स्वतःपासून दडवून ठेवावीत असा अद्वैताचा एक अपूर्व प्रयोग तेथे अहोरात्र चालू असतो.

परंतु सूचनांच्या इतिहासातील माझे अत्यंत आवडते प्रकरण याच डेबियनच्या अस्थिर शाखेत २०२१ साली घडले. तेथे ‘विच’ नावाची एक चिमुकली आज्ञा आहे. अमुक कार्यक्रम यंत्रात कोणत्या ठिकाणी ठेवलेला आहे, एवढेच ती सांगते, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली आहे. ज्यांच्या ताब्यात ती होती त्यांना वाटले, की हेच काम करण्याची अधिक सर्वमान्य रीत उपलब्ध असताना हिला आता सन्मानाने निवृत्त करावे. एकाएकी निवृत्त केली तर लोकांची तारांबळ उडेल, म्हणून त्यांनी अगदी सूज्ञपणे पहिल्या पायरीस केवळ एक सूचना घातली. ही आज्ञा यापुढे जाणार आहे, तरी तिच्याऐवजी ‘कमांड’ या आज्ञेचा अमुक प्रकार वापरावा, एवढी एक ओळ, दर खेपेस, उत्तराबरोबर उमटू लागली. सूचना कशी असावी याविषयीचे सर्व नियम येथे पाळले गेले होते: ती त्रोटक होती, सौम्य होती, मुदतीच्या कितीतरी आधी दिलेली होती, पर्याय दाखविणारी होती, आणि ज्या क्षणी मनुष्य ती जुनी गोष्ट वापरतो नेमक्या त्याच क्षणी त्याच्यापुढे येत होती.

अडचण अशी झाली, की ‘विच’ वापरणारी ती माणसे नव्हतीच. माणूस ही आज्ञा कधीमधी देतो; रात्रंदिवस देतात ती इतर कार्यक्रमांतील तयार आज्ञापत्रे, कोण्या एके काळी कोणीतरी लिहून ठेवलेली, ज्यांना उपदेश केला असता तो समजत नाही आणि समजला तरी अमलात आणण्यास हात नाहीत. आणि ही ओळ ज्या मार्गाने बाहेर पडे तो मार्ग चुका कळविण्यासाठी राखून ठेवलेला. तेव्हा ज्या चाचण्यांना त्या मार्गाने आलेले अवाक्षरही अपराध वाटे, त्यांनी आपापले कार्यक्रम धडाधड नापास केले. लक्षात घ्या, ‘विच’ जागच्या जागी होती, पूर्वीइतकेच बिनचूक उत्तर देत होती. फेरफार अद्याप झालेलाच नव्हता. जी पडझड झाली, ती फेरफारामुळे पडझड होऊ नये म्हणून दिलेल्या सूचनेने. अखेर प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे रुजू झाले, उभय पक्षांच्या कैफियती झाल्या, आणि समितीने निकाल दिला, की योग्य तो पर्याय प्रणालीच्या अत्यावश्यक सामानात येईपर्यंत ‘विच’ आपल्या जागेवर बहाल राहील, आणि आपण जाणार आहोत असे तिने कोणापाशी बोलू नये. बदलीची कुणकुण लागलेल्या कारकुनाला साहेब खासगीत हेच सांगतात; पण त्याचा लेखी ठराव झाल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते.

याच्या उलट टोकाची हकीकत आर्च लिनक्सची. ती नित्य बदलत राहणारी प्रणाली, आणि अद्ययावत करण्यापूर्वी मुख्य पानावरील वार्ता वाचल्याच पाहिजेत असा तिच्या वापरणाऱ्यांशी करार. २०१२ च्या जुलै महिन्यात ‘लिब’ नावाची मूळची कोठी रद्द करून तिच्या जागी दुसऱ्या कोठीकडे बोट दाखविणारी नुसती एक पाटी ठेवण्याचे ठरले. तेथील सामानव्यवस्थापकाला कोठीच्या जागी आधीच काही आढळले, तर तो ‘लिब येथे अगोदरच अस्तित्वात आहे’ असे म्हणून अडून बसतो, आणि त्याला बळजबरीने पुढे रेटण्याची त्या काळी एक कळ होती. ती कळ या प्रसंगी मुळीच दाबू नये, असे बजावलेले होते. कारण यंत्रातील जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम ज्याच्या आधाराने उभा राहतो तो भाग त्याच कोठीत असे, आणि बळजबरी केली की केलेले निस्तरण्यासाठी लागणारी हत्यारेही त्या क्षणी निकामी होत. बळजबरी झाली. ज्यांच्याकडून झाली त्यांनी ताकीद धुडकावली होती असे नव्हे; त्यांनी ती पाहिलीच नव्हती. व्यवस्थापक अडला, त्यांना कळ आठवली.

मात्र तेथील जाणत्यांनी एक गोष्ट फार मार्मिकपणे केलेली होती. व्यवस्थापक ज्या शब्दांत अडून बसे, तेच शब्द त्यांनी मार्गदर्शनात जसेच्या तसे लिहून ठेवले होते. त्यामुळे ज्याने वार्ता वाचली नाही तोही, ते शब्द घेऊन शोधत निघाला, की थेट तेथेच येऊन पोहोचे. मला ही सर्व सूचनाशास्त्राची गुरुकिल्ली वाटते. सूचना लिहिणारा समोर कल्पितो तो वाचक प्रातःकाळी, स्नान उरकून, शांत चित्ताने येणाऱ्या संकटाची माहिती घेत बसलेला असतो. प्रत्यक्षात येतो तो मध्यरात्री, शेजाऱ्याच्या यंत्रावरून, घाम पुसत. त्याला काय होणार आहे ते नको असते. आत्ता काय झाले ते हवे असते.

अशा मध्यरात्रीच्या वाचकासाठी लिहिलेला सर्वांत सुंदर नमुना मी फ्रीबीएसडीतच पाहिला. १७ फेब्रुवारी २०१५ रोजी ‘करंट’ वापरणाऱ्यांना कळविण्यात आले, की यदृच्छ अंक पुरविणारी गाभ्यातील यंत्रणा गेले चार महिने बिघडलेली होती. यंत्राच्या गुप्त किल्ल्या याच अंकांवर बेतलेल्या असल्यामुळे, या काळात घडविलेली प्रत्येक किल्ली इतर कोणाला अदमासाने ताडता येण्याचा संभव होता. म्हणजे चार महिने सर्वांनी दाराला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून, निश्चिंत मनाने झोप घेतली होती. एवढी भयंकर बातमी सांगताना लिहिणाऱ्याने ना दिलगिरीचे पाल्हाळ लावले, ना ‘घाबरू नका’ म्हटले. २७३८७२ या क्रमांकाच्या फेरफारापासून पुढचा कर्नल असेल, तर २७८९०७ किंवा त्याहून नवा घ्या, आणि मग सर्व किल्ल्या नव्याने घडवा. आपल्याला लागू आहे की नाही हे एका आकड्याशी आकडा ताडून ठरावे. मतप्रदर्शनाला फट नाही. आमच्या स्नेह्यांनीही ती सूचना शेवटपर्यंत वाचली, आणि किल्ल्या बदलल्या. त्यांच्या किल्लीने उघडण्याजोगे त्या यंत्रात नातवाच्या छायाचित्रांशिवाय काही नव्हते, ही गोष्ट त्या दिवशी कोणी त्यांच्यापुढे काढली नाही.

अलीकडे वहिनींच्या आग्रहावरून स्नेह्यांनी अस्थिर शाखेचा संन्यास घेऊन स्थिर शाखा पत्करली आहे. रविवारी पंखा घरघरत नाही, बिल वेळेवर भरले जाते. पहिले काही दिवस ते समाधानी दिसले. मग चेहऱ्यावर निवृत्तीच्या सुरुवातीला होती तसली कळा येऊ लागली. “अहो, इथे कोणी काही सांगतच नाही हो आपल्याला,” ते मला म्हणाले. त्यावर तोडगा म्हणून आता ते ‘करंट’च्या नोंदी वाचतात, आणि शास्त्रोक्त रीतीने वाचतात, आपण ती शाखा कोणत्या तारखेस सोडली हे त्यांना पक्के पाठ असल्यामुळे, बरोबर तेथपासून एकेक पायरी वर चढतात. त्यांतली एकही नोंद त्यांना लागू नसते. जिला लागू असते अशी व्यक्ती त्यांनी नात्यात हुडकून काढली आहे. त्यांचा धाकटा पुतण्या अभियांत्रिकी शिकतो आणि ‘करंट’ वापरतो. गेल्या शनिवारी रात्री त्यांनी त्याला मुद्दाम दूरध्वनी केला. “अरे, उद्या बांधायला घेशील तर तबकड्यांच्या नोंदी आधी तपासून घे. आधी कर्नल, मग यंत्र पुन्हा सुरू कर, मग बाकीचं जग. आणि वरच्या दोन नोंदी वाचून उठू नकोस.”

“वाचलं मी, काका,” पुतण्या म्हणाला, “आपल्यापुरतं काही नाहीये त्यात.”

सोमवारी सकाळी सात वाजता त्याचाच दूरध्वनी आला. “काका, माउंटरूट म्हणजे काय हो?”